‘सिमेंटचा पत्रा’ हे अर्धंच नाव आहे : नोंदणी महानिरीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : जुन्या घराच्या खरेदीखतात छतातल्या ॲस्बेस्टॉसची नोंद घेण्याबाबत

महोदय,

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दापोली तालुक्यात एक जुनं घर विकत घेतलं. गावठाणातलं, दगड-मातीच्या भिंतींचं, पुढे ओटी, मागे पडवी, पलीकडे विहीर आणि बारा-पंधरा पोफळी. रीतसर खरेदीखत झालं, मुद्रांक शुल्क भरलं, सूची क्रमांक दोनची प्रत हातात आली. व्यवहारात कुणी फसवलं नाही, कुणी अडवलं नाही. म्हणूनच हे पत्र तक्रारीचं नाही. एक प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही, तो यापुढे आपल्या खात्यानं विचारावा, एवढ्यासाठी ते आहे.

घर ज्यांच्याकडून घेतलं त्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. बोलणी पक्की झाली त्या दिवशी त्यांनी आम्हाला हाताला धरून घरभर फिरवलं. देवघराच्या चौकटीला वाळवी लागली होती ती दाखवली. ओटीवरची पन्हळ कुठे गळते ते दाखवलं. विहीर एप्रिलअखेर तळ गाठते, तेव्हा पाणी जपून वापरा, म्हणाल्या. शेजारच्या वाडीतून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून तीस वर्षांपूर्वी झालेलं भांडणसुद्धा त्यांनी लपवलं नाही. ‘पुढे तुम्हाला कळायचं नि मला शिव्या द्यायच्या, त्यापेक्षा आत्ताच सांगते,’ असं त्या म्हणाल्या होत्या. घर विकणारं इतकं प्रामाणिक माणूस मी पाहिलेलं नाही.

एकच गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती त्यांनाही माहीत नव्हती.

माजघरात कौलांच्या खाली सपाट शीट ठोकून छत केलेलं होतं. वानरांनी कौल फोडलं की माती आणि पावसाचं पाणी थेट ताटात यायचं, म्हणून आजींच्या यजमानांनी १९८२ च्या सुमारास ते करून घेतलं. त्याच वेळी पडवी आणि न्हाणीघरावरची कौलं उतरवून पन्हळी पत्रे घातले. कौलं चाळायला दर उन्हाळ्यात माणूस शोधायचा, तो मिळायचा नाही, आणि मिळाला तरी दोन वानरं एका दुपारी सगळी मेहनत मातीत घालायची. कोकणातल्या हजारो घरांनी याच कारणानं कौलं सोडली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. आजी त्या सगळ्याला ‘सिमेंटचं छत’ आणि ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणायच्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यात ‘दगड मातीचे, कौलारू व सिमेंट पत्रा’ असं लिहिलं होतं. वकिलांनी तेच शब्द खरेदीखताच्या मिळकतीच्या वर्णनात उतरवले, आणि पब्लिक डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलानं तेच संगणकात भरले.

जानेवारीत आम्ही दुरुस्तीला हात घातला. माजघर अंधारं, म्हणून छतात गोल एलईडी दिवे बसवायचं ठरलं. गावातला वायरमन आला. त्यानं शिडी लावली, ड्रिलला होल-सॉ जोडला आणि पहिलं भोक पाडलं. करड्या रंगाची पिठासारखी भुकटी त्याच्या केसांवर, खांद्यांवर, खाली जमिनीवर पडली. उन्हाच्या तिरिपेत ती बराच वेळ तरंगताना दिसत होती. त्यानं तोंडाला रुमाल बांधला तो दुसऱ्या भोकाच्या वेळी, तोही डोळ्यांत जायला लागलं म्हणून. तिसरं भोक झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली. मी केरसुणी घेतली, सगळं झाडून सुपलीत भरलं आणि मागच्या फणसाच्या बुंध्याशी टाकलं. माझा सहा वर्षांचा मुलगा पाटावर बसून हे पाहत होता.

त्या संध्याकाळी मी सिडनीच्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉलवर घर दाखवत होते. छतातली तीन भोकं दिसल्यावर ती बोलायची थांबली. मग म्हणाली, ‘ते छत कशाचं आहे, विचारलंस का?’

तिनं स्वतः सिडनीच्या पश्चिम भागात साठच्या दशकातलं घर घेतलंय. तिकडे अशा घरांना ‘फायब्रो’ म्हणतात. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस या खाणीतून निघणाऱ्या खनिजाचे तंतू मिसळून केलेल्या शीटची ती घरं. घेण्याआधी तिनं तपासनीस बोलावला होता आणि त्याच्या अहवालात न्हाणीघराचं छत आणि बाहेरच्या वळचणीचा खालचा भाग यांचे फोटो होते. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं : ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता, भोक पाडू नये, घासू नये, तोडायचं असल्यास परवानाधारक माणूस बोलवावा. तिनं तरीही घर घेतलं. किंमत थोडी कमी करून घेतली आणि छताला हात लावला नाही. तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. तिच्या आणि आमच्या व्यवहारात फरक होता तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी पडवीत जाऊन मी पत्र्याची खालची बाजू टॉर्च मारून पाहिली. धुरानं काळ्या पडलेल्या पृष्ठभागावर पुसट शिक्का होता. कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं, पण ‘आयएस ४५९’ एवढं दिसलं. भारतीय मानकांमध्ये ४५९ हा क्रमांक पन्हळी ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्यांचा आहे. सपाट शीटचा २०९६. ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंटच्या पत्र्यांची मानकं वेगळी आहेत. म्हणजे माहिती लपलेली नव्हती, ती आमच्या डोक्यावरच छापलेली होती. ती वाचायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. माजघराच्या छतावर शिक्का सापडला नाही. म्हणून भोकाच्या कडेचा चिमूटभर तुकडा ओला करून, दोन पिशव्यांत बंद करून मी प्रयोगशाळेत पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी लिहून दिलं : क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, आढळला.

महोदय, मी घाबरवणारी माणूस नाही. तीन भोकांच्या धुळीनं आमच्यापैकी कुणाला कर्करोग होईल असं मी म्हणत नाही. जेवढे तंतू जास्त आणि जेवढी वर्षं जास्त, तेवढा धोका जास्त, हे मला आता कळलंय. अखंड, रंगवलेला, न हलवलेला पत्रा डोक्यावर असणं आणि तो कटरनं कापणं यांत फार अंतर आहे. पण ॲस्बेस्टॉसची एखादी मात्रा सुरक्षित आहे, असंही कुणी सांगू शकत नाही. हा तंतू उभा चिरत जातो, केसाहून कितीतरी पट बारीक होतो, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढराही, माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, धाप लावणारा ॲस्बेस्टॉसिस हे आजार बहुतेकदा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. आमच्या गावात कुणी खोकून खोकून गेला, तर त्याचं कारण १९८५ साली त्यानं कापलेल्या पत्र्यांत कोण शोधणार? विडी, दमा, वय, एवढ्यावर विषय संपतो.

आणि माझी काळजी माझ्यापेक्षा त्या वायरमनची आहे. मी तीन भोकांच्या वेळी तिथे होते. तो वर्षाला किती घरांत भोकं पाडतो? मी त्याला अहवाल दाखवला तेव्हा तो हसला. ‘सिमिटाचा पत्रा हाय तो ताई, त्याला काय व्हतंय?’ त्याचं चुकलं नाही. ज्या वस्तूचं नाव सगळ्या सरकारी कागदांवर ‘सिमेंट पत्रा’ असं लिहिलेलं आहे, तिला तो दुसरं काय म्हणणार? त्या पत्र्यात सिमेंट खूप असतं आणि ॲस्बेस्टॉस साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. पण मारक आहे ते हे दहा टक्के, आणि नावातून नेमकं तेच गळलंय.

खाणीतून ॲस्बेस्टॉस काढण्याबाबत आपल्या देशानं पावलं उचलली. १९८६ पासून नवे खाणपट्टे देणं थांबलं, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही. १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांपैकी जो काळ जास्त असेल तोवर जपायला सांगितल्या. आजार उशिरा उगवतो हे न्यायालयानं तेव्हाच ओळखलं होतं. पण आयात चालू राहिली, पत्रे बनत राहिले. साठाहून अधिक देशांनी हा माल बंद केला, ऑस्ट्रेलियानं २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघानं २००५ पासून. आपण अजून घेतोय. २००६ साली क्लेमेन्सो ही फ्रेंच युद्धनौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला येत होती. तिच्या पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून देशभर चर्चा झाली आणि फ्रान्सला ती परत न्यावी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यावर वादविवाद स्पर्धेत बोलले होते. बक्षीसही मिळालं होतं. त्या सभागृहाचं छप्पर कशाचं होतं, हे मी एकदाही वर बघून पाहिलं नाही.

बंदी घालणं आपल्या खात्याच्या हातात नाही, हे मला समजतं. मी मागते आहे ते आपल्या हातातलं आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे. पण त्याची सगळी मदार ‘माहीत असलेला’ या शब्दांवर आहे. आजींना माहीत नव्हतं, म्हणून त्यांची चूक नाही. आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना अज्ञान असलं की कायदा गप्प बसतो. तिथे कागदानं बोलायला हवं.

मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन करताना आपलं खातं बांधकामाचा प्रकार विचारतंच. आरसीसी, इतर पक्के, अर्धे पक्के, कच्चे. त्यावरून दर ठरतो. म्हणजे घर कशाचं आहे हा प्रश्न आपल्या नोंदणीला परका नाही. त्याच ठिकाणी आणखी एक प्रश्न घाला : छत, आतली तक्तपोशी, पावसाळी पाइप, धुराडं, पाण्याची टाकी, यांपैकी कशात ॲस्बेस्टॉस सिमेंट आहे का? उत्तरं तीन ठेवा : आहे, नाही, तपासलेलं नाही. आणि मिळकतीच्या वर्णनात ‘सिमेंट पत्रा’ हा शब्द चालवून घेऊ नका. तो ॲस्बेस्टॉसचा असेल तर ‘ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा’ असंच लिहायला लावा.

दुय्यम निबंधक दस्तातल्या मजकुराचा खरेखोटेपणा तपासत नाहीत, असं उत्तर मला मिळू शकेल. तपासू नयेच. चतुःसीमा तरी कुठे जागेवर जाऊन मोजल्या जातात? पक्षकार लिहून देतात आणि त्याची जबाबदारी घेतात. हेही तसंच होईल. ‘तपासलेलं नाही’ एवढे दोन शब्द जरी दस्तात आले, तरी घेणारा माणूस घरी जाऊन वर बघेल. वायरमनला बोलावण्याआधी बघेल. तेवढ्यानं निम्मं काम होईल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि त्यावर मी बरेच दिवस विचार केला. पत्र्याची घरं गरिबांची असतात. कागदावर ॲस्बेस्टॉस लिहिलं की त्यांच्या घराची किंमत पडेल. आजींना आमच्याकडून मिळालेल्या पैशांत पुढचं सगळं आयुष्य काढायचंय. त्यातून काही हजार कमी झाले असते तर मला ते आवडलं असतं का? नसतं. पण त्या किमतीत जी तूट येईल ती आजही आहेच. फक्त ती आज वायरमनच्या, गवंड्याच्या आणि पत्रा उतरवणाऱ्या मजुराच्या अंगावर पडते आहे. पैशांत आली तर तिची भरपाई करता येते. घरकुलाच्या योजना आहेत, छपराच्या दुरुस्तीला अनुदान देता येतं. आणि कुणाचंही घर यामुळे बेकायदा ठरू नये, कुणाला दंड होऊ नये, हे त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहा.

एक भीती मात्र खरीच आहे, ती मी माझ्या घरात अनुभवली. अहवाल आला त्या रात्री माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं की सकाळी उठून पहार घ्यायची आणि सगळं छत पाडून टाकायचं. पाडलं असतं तर तीन भोकांच्या शंभरपट धूळ झाली असती, आणि शिवाय माळ्यावरची चाळीस वर्षांची. म्हणून नोंदीबरोबर एक पानाची मराठी सूचना द्या, दस्ताला टाचून. अखंड असेल तर राहू द्या. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशनं शेवाळ घासू नका. भोक पाडू नका, कापू नका, वर चढू नका. काढायचाच असेल तर आधी पाणी मारून ओला करा, हुक सोडवून आख्खा उतरवा, फोडू नका. रुमालानं आणि साध्या मास्कनं हे तंतू अडत नाहीत. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकंही बंद पिशवीत टाका. एवढं मला जानेवारीत कुणी दिलं असतं तर मी केरसुणी हातात घेतली नसती.

आणि उतरवलेला पत्रा टाकायचा कुठे? राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रं आहेत, पण ती कारखान्यांसाठी. दापोलीतल्या माणसानं सहा पत्रे घेऊन तळोज्याला जावं अशी अपेक्षा कुणी ठेवू शकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या या किनाऱ्यावर घरंच्या घरं उघडी पडली. पत्रे उडाले, झाडांवर आपटून फुटले. आज पाच-सहा वर्षांनीही ते तुकडे गावात सगळीकडे आहेत. पाखाडीतल्या खड्ड्यांत भरलेले, पोफळीच्या आळ्याला कड म्हणून लावलेले, कपडे धुवायच्या दगडाखाली घातलेले, कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेले. पोरं त्यांच्या ठिकऱ्या करून लंगडी खेळतात. फुटलेल्या कडा झिजून मऊ झाल्या आहेत आणि जवळून पाहिलं तर त्यातून पांढरट केसाळ तंतू बाहेर आलेले दिसतात. मी आता ते ओळखायला शिकले आहे. हा भाग आपल्या खात्याचा नाही, म्हणून या पत्राची प्रत जिल्हा परिषदेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवते आहे. तालुक्याला वर्षातून एकदा, मेच्या पहिल्या आठवड्यात, गुंडाळून आणलेले पत्रे गोळा करणारी एक गाडी फिरली तरी पुष्कळ होईल. पण गाडी कुठे पाठवायची हे कळायला आधी नोंद हवी, आणि ती नोंद ठेवण्याची जागा आपल्याकडे आहे.

हे शक्य आहे का, असं कुणी विचारलं तर मी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचं, कॅनबेराचं उदाहरण देईन. तिथे १९६८ ते १९७९ या काळात उष्णता अडवायला घरांच्या छतांत ॲस्बेस्टॉसचा सुटा भुसा भरला होता. तो आमच्या पत्र्यांपेक्षा फार घातक. पुढे तो काढायची मोहीम झाली, पण भिंतींच्या पोकळ्यांत तो उरला आणि घरं विकली जात राहिली. २०१४ मध्ये तिथल्या सरकारनं अशी हजाराहून अधिक घरं विकत घेऊन पाडायची योजना काढली. आपल्याला तेवढा खर्च करायची गरज नाही. आपल्याला एका रकान्याची गरज आहे.

आमचं घर आता असं आहे : माजघराच्या छतातली भोकं पुट्टीनं बुजवली, सगळं छत जाड रंगाचे दोन हात देऊन बंद केलं. दिवे भिंतीवर लावले. पडवीचे पत्रे पावसाळ्यानंतर उतरवायचे आहेत, ते काम येणारा माणूस अजून मिळालेला नाही. फणसाच्या बुंध्याशी टाकलेली भुकटी मातीसकट खणून, ओली करून, ड्रमात बंद करून ठेवली आहे. तो ड्रम कुणाला द्यायचा, हे मला अद्याप कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आजींचा फोन आला. घरात बरं आहे ना, वाळवीचं काय केलंत, विचारलं. त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं, कारण त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वादळानंतर पडवीचा फुटका पत्रा मी टाकला नाही हो. त्यावर तीन वर्षं आमसुलं वाळवली. नातवंडांना मुंबईला पाठवली. काही व्हायचं नाही ना?’

खाण्यातून होण्यापेक्षा श्वासातून होणारा धोका मोठा असतो, एवढंच मी त्यांना सांगू शकले.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
दापोली तालुक्यातल्या एका जुन्या घराची नवी मालकीण

प्रत माहितीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई